वाकडा टाका

५ नोव्हेंबर २०२४, मंगळवार

भैय्याजी आज घरी येऊन गेले. लिफ्ट बंद होती, तरी तिसऱ्या मजल्यापर्यंत चढून आले आणि पाणीसुद्धा न घेता म्हणाले, वाकळ दाखवा. साठीचा माणूस, खादीचा कुडता, चष्मा दोरीने गळ्यात. धरमपेठेत त्यांचं जुन्या हातकामाच्या वस्तूंचं दुकान आहे आणि दर जानेवारीत ते प्रदर्शन भरवतात. मुंबई-पुण्याचे लोक तिथून माल उचलतात.

आईने बजावलं होतं, दहा वर्षांपूर्वीची दाखव, आत्ताची नको. मी तसंच केलं. भैय्याजींनी ती हातानेच बाजूला सारली. म्हणाले, ये तो मशीन की लगती है, कौन मानेगा. मग त्यांचं लक्ष दिवाणावर गेलं. तिथे आईची चालू वाकळ अर्धवट पडली होती. गेल्या वर्षापासून आईचा उजवा हात थरथरतो. टाक्यांची रांग सरळ सुरू होते आणि मध्येच भरकटते. एक टाका तांदळाएवढा, पुढचा बोटाच्या पेराएवढा. भैय्याजी ती मांडीवर घेऊन बसले. मग म्हणाले, "ही खरी. हिच्यात हात दिसतो."

आई स्वयंपाकघराच्या दारात, हात पदराखाली धरून उभी होती. ते गेल्यावर म्हणाली, "त्याईले डोये नाईत का गा? ते तं बिघडलेली हाये."

मी हसलो. बुटीबोरीच्या कारखान्यातली नोकरी गेल्यापासून आठ महिन्यांत मोकळेपणी हसल्याचं आठवत नाही. म्हणून ही वहीही आजपासून. धंदा उभा राहत असेल तर तो कसा उभा राहिला हे कुठेतरी लिहिलेलं असावं.

९ नोव्हेंबर, शनिवार

प्रत्येक वाकळीसोबत एक कार्ड लावायचं आहे. 'पारंपरिक वाकळ म्हणजे काय', चार ओळींत. भैय्याजींनी त्यांच्या कसोट्या फोनवर सांगितल्या. जुनं सुती कापड, हाताने घातलेला धावदोरा, आखणी नाही, आणि हाताचा नैसर्गिक ओबडधोबडपणा. शेवटची कसोटी त्यांनी दोनदा सांगितली.

सहज आईलाही विचारलं. आई काटोलकडच्या आमच्या गावात चाळीस वर्षं वाकळा शिवत होती. बाबा गेल्यावर मी तिला इथे आणली. लग्न ठरलं की लोक आधी तिच्याकडे यायचे. ती म्हणाली, गोधडी पाहुण्याची आणि वाकळ घरच्याची. गोधडीला कापड चांगलं लागतं, वाकळीला टाका चांगला लागतो. का, तर पाहुणा दोन रात्री झोपून जातो आणि घरची वाकळ वीस वर्षं धुवायची असते. दोन रांगांत दोन बोटांपेक्षा जास्त जागा सुटली की धुताना आतल्या कापडाचे गोळे होतात. मग ती उलटी करून बघायची. दोन्हीकडून टाका सारखा असेल तरच तिला वाकळ म्हणायचं.

"आन वाकडा टाका असन तं?" मी विचारलं.

"तं ते चिंध्याईचं गाठोडं हाये. वाकय नोय."

कार्डावर भैय्याजींचं लिहिलं. आईचं म्हणणं तिच्या जागी बरोबर असेल, पण या वाकळा कोणी धुणार नाही. भिंतीवर टांगणार आहेत.

१६ नोव्हेंबर, शनिवार

बायकोने, वैभवीने, हट्टच धरला म्हणून आईला धंतोलीत न्यूरॉलॉजिस्टकडे नेलं. पाच तास बसलो. बाकावर आमच्या बाजूला वाशीमचे लोक, पलीकडे गडचिरोलीचे. डॉक्टरांनी आईला बोटं आपटायला लावली, दोनदा चालवलं, खुर्चीतून हात न टेकता उठायला सांगितलं. ते तिला जमलं नाही. कंपवात आहे म्हणाले. बरा होत नाही, पण गोळीने खूप आटोक्यात राहतो. गोळी दिवसातून तीनदा, ठरलेल्या वेळी. वेळ चुकवायची नाही आणि आपल्या मनाने कमी-जास्त करायची नाही, हे त्यांनी माझ्याकडे बघून सांगितलं.

वैभवी साडेसहालाच शाळेत शिकवायला निघते आणि चार वाजता येते. तेव्हा सकाळची आणि दुपारची गोळी माझ्याकडे, रात्रीची तिच्याकडे.

१ डिसेंबर, रविवार

आईने आज सुईत दोरा स्वतः ओवला.

आठ-दहा दिवसांपासून फरक दिसत होता, पण मी लिहायचं टाळत होतो, दृष्ट लागेल म्हणून. आज तिने कपबशी दोन्ही हातांनी न धरता चहा घेतला. जेवताना चमचा मागितला नाही. वैभवी बेसिनपाशी पाठ करून उभी होती. भांडी घासत नव्हती.

दुपारी आईने मला हाक मारली. भैय्याजींसाठी सुरू केलेली वाकळ तिने तीन दिवसांत अर्धी उसवून पुन्हा शिवली होती. "पाह्य," म्हणाली, "मुंग्या चालून राहिल्या." खरंच तसंच दिसत होतं. बारीक, एकसारख्या, उलट्या बाजूनेही तशाच. तिने माझा हात धरून त्या रांगेवरून फिरवला, लहानपणी अक्षरं गिरवून घ्यायला हवी होती तसा. ती शाळेत गेली नाही, तेव्हा अक्षरं कुठून गिरवून घेणार.

चांगली झाली, असं मी म्हणालो. झालीच होती.

७ डिसेंबर, शनिवार

भैय्याजींनी परत पाठवली.

म्हणजे मीच परत घेऊन आलो. त्यांनी काउंटरवर पसरली आणि मला विचारलं, जितेंद्रजी, मशीनवर मारून आणली का? मी शपथ घेतली. ते म्हणाले, मी मानतो, पण गिऱ्हाईक मानणार नाही, त्यांना कोण समजावत बसणार? त्यांना भिंतीवर टांगायच्या लहान मापाच्या आठ वाकळा पाहिजेत, पहिल्यासारख्या. ११ जानेवारीला उद्घाटन आहे. त्या दिवशी आईने स्टेजवर बसून शिवून दाखवायचं. त्यांनी पत्रिकेचा मजकूरही वाचून दाखवला. 'थरथरत्या हातांची परंपरा.'

घरी येऊन आईला म्हटलं, जरा वाकडे टाके घाल. तिला वाटलं मी गंमत करतो आहे. मग तिने खरंच प्रयत्न केला, तासभर. पण तिचं वाकडंही एकसारखं आलं, पाण्याच्या लाटेसारखं. डिझाइन वाटतं. भैय्याजींच्या नजरेतून सुटणार नाही.

"मुद्दाम काहून बिघडवाचं?" तिने विचारलं. मी म्हटलं, लोकांची आवड. ती म्हणाली, ज्याला शिवता येत नाही त्याच्याकडून घ्या म्हणा. त्यात तिचा राग नव्हता. तिला खरंच तो सरळ उपाय वाटत होता.

१० डिसेंबर, मंगळवार

सकाळची गोळी अर्धी दिली. दुपारची पण.

नीट विचार करून केलं आहे. बंद केलेली नाही. रात्रीची पूर्ण आहेच. आईचं वय एकाहत्तर, एवढं औषध शरीराला झेपतं का हेही कोणी बघितलेलं नाही. गोळीच्या मध्ये रेघ असते, म्हणजे कंपनीनेच ती अर्धी करता येईल अशी बनवलेली आहे. आणि वर्षभर ती गोळीशिवाय होतीच की. तेव्हा कोणाला काय झालं?

तिला सांगितलं, "डॉक्टरचा फोन आलता. आता दिवसाची अर्धीच घ्याची म्हनले."

तिने हातातल्या तुकड्याकडे बघितलं. "डॉक्टरनं सांगतलं?"

"हो."

तिने गिळली.

१८ डिसेंबर, बुधवार

हात परतला. कालपासून टाके पहिल्यासारखे पडत आहेत, उलट जास्त चांगले, कारण आता ती जोर लावून सरळ घालायला बघते आणि हात ओढून नेतो. त्या ओढाताणीत जी रेघ उमटते ती कोणाला मुद्दाम काढता येणार नाही. फोटो पाठवला. भैय्याजींनी हात जोडल्याचं चिन्ह पाठवलं, पाच वेळा.

सुई बोटात घुसते. पांढऱ्या धोतराच्या थरावर तीन-चार ठिकाणी रक्ताचे ठिपके पडले. आई पाण्याने पुसायला गेली तेव्हा मी थांबवलं. भैय्याजींना फोनवर विचारून घेतलं होतं. ते म्हणाले, राहू द्या.

वैभवीने आज विचारलं, बरं वाटत होतं ना, मग पुन्हा कसं सुरू झालं? आईला ब्लाउजचे हुक लावता येईनात, तिने लावून दिले. मी म्हटलं, थंडी आहे, थंडीत वाढतं. ती म्हणाली, डॉक्टरांना दाखवून आणू. मी म्हटलं, प्रदर्शन होऊन जाऊ दे, आधीच धावपळ आहे. ती आईची वेणी घालायला गेली. वैभवीचा स्वभाव समजूतदार आहे.

२९ डिसेंबर, रविवार

आज पूर्ण गोळी द्यायची असं ठरवून उठलो होतो. आई पलंगावरून उठताना दोनदा मागे पडली आणि तिसऱ्यांदा मला न बोलावता भिंत धरून उभी राहिली. अख्खी गोळी हातात घेतली. पण ती सातव्या वाकळीला बसली होती, अर्धी होत आली होती, आणि अर्धी वाकळ एका हाताची, अर्धी दुसऱ्या हाताची असं चालणार नाही.

१२ जानेवारीपासून पूर्ण गोळी. हे इथे लिहून ठेवतो, म्हणजे मोडणार नाही.

११ जानेवारी २०२५, शनिवार

सकाळची गोळी दिली नाही. फक्त आजच्यापुरती. दोनशे लोकांसमोर हात स्थिर राहिला असता तर पत्रिका खोटी ठरली असती.

हॉल भरला होता. आईला नऊवारी नेसवून स्टेजवर गादीवर बसवली, समोर आठवी वाकळ, शेवटच्या दोन रांगा बाकी ठेवलेल्या. माईक खाली तिच्या हाताजवळ लावला होता, सुई कापडातून जाण्याचा आवाज यावा म्हणून. आवाज आला तो तिच्या बांगड्यांचा. त्या थांबतच नव्हत्या. पुढच्या रांगेतल्या एका बाईंनी डोळे पुसले.

मग सिंधूताई आल्या. आमच्याच गावच्या, बौद्धपुऱ्यातल्या. आई आणि त्या कापूस वेचायला सोबत जायच्या आणि उन्हाळ्याच्या दुपारी आमच्या ओसरीवर सोबत शिवायच्या. काटोलहून बसने स्वतःची वाकळ घेऊन आल्या होत्या. तिच्यात नायलॉनच्या साडीचे तुकडे होते आणि टाका सरळ होता, म्हणून भैय्याजींच्या माणसांनी ती 'आधुनिक' म्हणून मागच्या खोलीत ठेवली होती. त्याबद्दल त्या काही बोलल्या नाहीत. सरळ स्टेजवर चढल्या, आईच्या शेजारी बसल्या, मांडीवरच्या वाकळीचा कोपरा उलटा करून बघितला. माईक तिथेच होता. सगळ्यांना ऐकू गेलं.

"जिजे, हा तुया टाका नोय."

आईने मान वर केली नाही.

"कोनी शिवली हे?"

"मीच वं," आई म्हणाली. "हात गेला माया."

सिंधूताईंनी तिच्या हातातली सुई काढून घेतली. उरलेल्या रांगेत दहा-बारा टाके घातले, झरझर. आई त्या टाक्यांकडे अशी बघत होती की मला आवडलं नाही. भैय्याजी हसत वर गेले आणि म्हणाले, माई, हे त्यांचं प्रात्यक्षिक आहे, आपण नंतर बोलू. दोन मुलींनी सिंधूताईंना हात धरून उतरवलं. जाताना त्यांनी माझ्याकडे बघितलं. "तुया मायचा टाका तालुक्यात कोनाले येत नोता, माईत हाये ना तुले?" मी म्हटलं, हो ताई, नंतर बोलू.

भैय्याजींनी कानात सांगितलं, ते दहा टाके आत्ताच काढा, वाकळ विकली गेली आहे. कात्री माझ्या खिशात होतीच. मी आईसमोर बसून ते टाके काढले. आईने कापड ताणून धरलं, म्हणजे धरायचा प्रयत्न केला. मग तिने त्याच जागी तिचे घातले. एकेका टाक्याला लोक टाळ्या वाजवत होते.

आठही वाकळा गेल्या.

१२ जानेवारी, रविवार

भैय्याजींना मार्चपर्यंत आणखी सहा पाहिजेत. परदेशातलं एक संग्रहालय विचारतं आहे. अर्धीच चालू ठेवतो. इतके दिवस काही झालं नाही.

आई कालपासून बोलत नाही. थकवा असेल.

२० जानेवारी, सोमवार

आई सकाळी सातच्या सुमारास बाथरूममध्ये पडली. मी चहा ठेवत होतो. आवाज आला तेव्हा वाटलं बादली पडली. उठवायला गेलो तर अंग लाकडासारखं ताठ, पाय वळेना, तोंडातून शब्द नीट येईना. खुब्याचं हाड मोडलं आहे. धंतोलीतच भरती केलं. वैभवी शाळेतून थेट आली.

२३ जानेवारी, गुरुवार

ऑपरेशन झालं. आज मेंदूचे डॉक्टर वर वॉर्डात आले. इतक्या लवकर एवढा ताठरपणा यायला नको होता, असं म्हणाले. गोळ्या वेळेवर चालू होत्या का, विचारलं. मी होय म्हटलं. तेव्हा वैभवीने पर्समधून एक डबी काढली. घरात सापडली, एवढंच म्हणाली. माझ्या टेबलाच्या खणातली होती. सगळे अर्धे तुकडे होते, ऐंशीच्या आसपास असतील. फेकायला जीव झाला नव्हता, औषध महाग असतं.

डॉक्टरांनी डबी हलवून बघितली. "हे काय आहे?"

वैभवी माझ्याकडे बघत होती. तेवढ्यात पलंगावरून आईचा आवाज आला. शब्द घसरत होते, पण कळत होते.

"मीच खात नोती सायेब. अर्धी तोंडातून काढून ठेवो. कडू लागे. पोरगा तं पुरी द्याचा रोज."

डॉक्टर तिला खूप बोलले. आजी, तुम्हाला कळतं का तुम्ही काय केलंत, मुलगा एवढा करतो आणि तुम्ही फसवता. नर्ससमोर, शेजारच्या पेशंटच्या नातेवाइकांसमोर बोलले. आई ऐकत होती. मध्ये एकदा म्हणाली, "चुकलं सायेब." डॉक्टर मला म्हणाले, यापुढे तोंड उघडून बघत जा, गिळली की नाही ते.

हे आईने आधीच सांगायला हवं होतं. कडू लागत होती तर साखर दिली असती.

१५ फेब्रुवारी, शनिवार

आई घरी येऊन दोन आठवडे झाले. वॉकर धरून न्हाणीपर्यंत जाते. गोळी आता पूर्ण, तिन्ही वेळा. हात बराच थांबला आहे, पण ताकद पहिल्यासारखी यायची नाही म्हणाले. तिला कापड आणून दिलं होतं, मन रमेल म्हणून. तिने घडी घालून परत माझ्याकडे दिलं. भैय्याजींना कळवलं की सध्या जमणार नाही. त्यांनी लिहिलं, काळजी घ्या, आणि तुमच्या बघण्यात असा हात असलेलं दुसरं कोणी आहे का? काटोलकडे चौकशी करतो म्हणालो. अशी म्हातारी माणसं गावात असतातच.

वैभवी माझ्याशी कामापुरतं बोलते. शाळेत परीक्षा जवळ आल्या आहेत.

आईला एक नवी सवय लागली आहे. गोळी मी तिच्या तळहातावर ठेवतो. ती लगेच तोंडात टाकत नाही. अंगठा गोळीच्या कडेवरून फिरवते, हळूहळू, सगळीकडून, पूर्ण गोल. फिरवताना गोळीकडे बघत नाही, माझ्याकडे बघते. मग गिळते आणि मी न सांगता तोंड उघडून दाखवते. सकाळी, दुपारी. रात्री वैभवी देते तेव्हा असं काही करत नाही, सरळ गिळते.

मोबाइलवर वाचलं, की या आजारात अंगठा आणि बोटं गोळी वळल्यासारखी आपोआप हलत राहतात. तेच असणार. पुढच्या वेळी डॉक्टरांना सांगायला हवं.